गाळाचा धनी कोण?

१६ जुलै २०२२ रोजी नागपूरजवळ खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला. कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राची राख पाण्यात कालवून तिथे साठवली जात असे. तो करडा लगदा शेतांतून, नाल्यांतून कोलार नदीत गेला आणि तिथून कन्हान नदीत उतरला. नागपूरच्या काही भागाला कन्हानचे पाणी मिळते, त्यामुळे शहराचा पुरवठा विस्कळीत झाला आणि त्याच्या बातम्या झाल्या. कन्हान पुढे भंडारा जिल्ह्यात वैनगंगेला मिळते, याचा उल्लेख मात्र त्या बातम्यांत मला क्वचितच दिसला.

त्यानंतर महिनाभराने नदीकाठच्या एका गावी बोअरमधली मोटर काढायला गेलो होतो. पवनीत माझे पंपदुरुस्तीचे दुकान आहे. पाइप वर येईना, म्हणून सगळे चहाला बसलो. तिथे ढिवर समाजातले एक वयस्क गृहस्थ होते. नदीवर त्यांच्या घरच्या कित्येक पिढ्या जगल्या. त्यांनी मला विचारले, “भाऊ, थ्या राखंत रेडियम रायते मन्तेत. खरं हाय का जी?” त्यांच्या नातवाच्या मोबाइलवर कुणीतरी तसे पाठवले होते. बसलेले सगळे हसले, मीही हसलो. म्हणालो, “बाबाजी, रेडियम ट्रकच्या मागं चिकटवतेत. राखंत कोठून येईन?”

रात्री ते उत्तर मला टोचू लागले. गावात मला ‘वाचणारा मिस्त्री’ म्हणतात; लोक माझ्या शब्दावर विश्वास ठेवतात. मी आयटीआय झालेला माणूस. विज्ञान शिकलो ते वाचनालयातल्या पुस्तकांतून आणि नंतर मुलीच्या बी.एस्सी.च्या क्रमिक पुस्तकांतून. त्या रात्री मुलीचे पुस्तक उघडले, मग इंग्रजी अहवाल शब्दकोश हाताशी घेऊन वाचू लागलो. आठवड्याभरात कळले की बाबाजींचा प्रश्न योग्य होता आणि माझे उत्तर चुकीचे. राखेत रेडियम असते. थोडे असते, पण असते.

त्यानंतरची तीन वर्षे मी या एका धाग्यामागे गेलो. तो धागा राखेवरून तेलविहिरींच्या पाइपांकडे, तिथून अमेरिकेतल्या फ्रॅकिंगच्या सांडपाण्याकडे आणि बंद पडलेल्या शुद्धीकरण कारखान्यांकडे घेऊन गेला. परत आलो तो वैनगंगेवरच. वाटेत जे समजले ते इथे क्रमाने मांडतो.

रेडियम म्हणजे काय

आपल्याकडे ‘रेडियम’ या शब्दाचा अर्थच बदलून गेला आहे. गाडीच्या नंबरप्लेटवर, ट्रॉलीच्या मागे जी चमकणारी पट्टी लावतात तिला आपण रेडियम म्हणतो, आणि ती कापून देणाऱ्याच्या पाटीवर ‘रेडियम आर्ट’ लिहिलेले असते. त्या पट्टीत रेडियमचा कणही नसतो; ती फक्त पडलेला उजेड परत फेकते. शब्द आला तो जुन्या घड्याळांवरून. त्यांच्या काट्यांवर खरे रेडियम मिसळलेला रंग असे आणि तो अंधारात आपोआप चमके.

खरे रेडियम हा धातू आहे. मारी आणि पिएर क्युरी यांनी तो १८९८ मध्ये शोधला. युरेनियमचा अणू आपोआप फुटत, बदलत जातो; त्या बदलांच्या साखळीतली एक पायरी म्हणजे रेडियम-२२६. त्याचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे आहे, म्हणजे आज जेवढे रेडियम आहे त्याचे अर्धे व्हायला १६०० वर्षे लागतात. हा काळ किती, हे समजण्यासाठी विदर्भाचाच इतिहास घेऊ. साधारण १६०० वर्षांपूर्वी इथे वाकाटकांचे राज्य होते आणि प्रभावतीगुप्ता आपल्या मुलांच्या वतीने कारभार पाहून गेली होती. त्या काळी कुणी जमिनीत रेडियम पुरले असते, तर त्यातले अर्धे आजही तिथे असते. आमच्या पवनीचा स्तूप दोन हजारांहून अधिक वर्षांचा. त्याच्या पायात ठेवलेल्या रेडियमचाही तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग आज शिल्लक सापडला असता.

थोरियमच्या साखळीतून येणारे रेडियम-२२८ हे त्याचे भावंड. त्याचे अर्धायुष्य पावणेसहा वर्षांच्या आसपास, त्यामुळे ते लवकर संपते. लांब पल्ल्याची काळजी रेडियम-२२६ ची.

रेडियमचा स्वभाव कॅल्शियम आणि बेरियम यांच्यासारखा आहे. रसायनशास्त्राच्या तक्त्यात ही तिन्ही एकाच रांगेत बसतात. यातून दोन गोष्टी निघतात. पोटात गेलेले रेडियम शरीराला कॅल्शियमसारखे वाटते, म्हणून त्याचा काही भाग हाडांत जाऊन बसतो. आणि पाण्यातले रेडियम कॅल्शियम-बेरियमच्या क्षारांबरोबर खाली बसते. त्याच्यातून निघणारे अल्फा कण कातडीसुद्धा भेदू शकत नाहीत. लांबून पाहणाऱ्याला त्यांचा त्रास नसतो. धोका असतो तो धूळ होऊन श्वासात किंवा पाण्यातून पोटात गेल्यावर. शिवाय रेडियमपासून रेडॉन नावाचा वायू तयार होतो आणि तो बंद खोलीत साठू शकतो.

राखेचा हिशेब

आता राखेकडे येऊ. जगातल्या कोणत्याही मातीत थोडे युरेनियम, थोडे थोरियम आणि त्यांचे रेडियम असतेच. सामान्य मातीत दर किलोला रेडियम सरासरी तीस-पस्तीस बेकरेल असते. एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणे. कोळशातही हे असते. कोळसा जळताना कार्बन वायू होऊन धुराड्यातून जातो, पण युरेनियम, थोरियम आणि रेडियम बहुतांश राखेतच राहतात. दूध आटवले की साय-साखर तेवढीच राहून घट्ट होते, तसेच हे. शंभर किलो कोळशाची दहा किलो राख झाली तर त्या राखेत या पदार्थांचे प्रमाण दहापट होते.

इथे आपल्या कोळशाचा एक दोष आपल्या कामी येतो. भारतीय कोळशात राख फार, तीस ते पंचेचाळीस टक्के. म्हणजे राखेतली वाढ दहापट होत नाही, दोन-तीन पटच होते. प्रकाशित मोजमापांत भारतीय राखेतले रेडियम साधारणपणे किलोला काही दशकांपासून शे-दीडशे बेकरेलपर्यंत आढळते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने २००४ मध्ये युरेनियम-थोरियमच्या साखळीतल्या नैसर्गिक पदार्थांसाठी जी रेषा आखली, ती ग्रॅमला एक बेकरेल, म्हणजे किलोला १००० बेकरेल अशी आहे. आपली राख तिच्या बरीच खाली बसते.

म्हणून राखेच्या विटांचे घर बांधणाऱ्याने घाबरून जावे असे यात काही नाही. नदीत आलेल्या राखेने माशांचे, पाण्याचे आणि शेताचे जे नुकसान होते ते मुख्यतः बारीक गाळाचे आणि जड धातूंचे. मोबाइलवर फिरणारा मजकूर भीतीपुरता खोटा होता, पण त्यातली मूळ गोष्ट खरी होती. आटवले की उरलेले घट्ट होते. राखेत ही वाढ दोन-तीन पटींची. ती हजारो पटींची झाली तर काय होते, हे पाहायला मला दूर जावे लागले.

पाइपातला क्षार

बोअरचा कॉलम पाइप दहा-पंधरा वर्षांनी वर काढला की आत पांढरा-पिवळट थर दिसतो. आम्ही म्हणतो, पाइपाला क्षार धरला. खोलवर दाबाखाली विरघळलेला चुना वर येताना दाब आणि उष्णता बदलली की पाइपाच्या अंगाला चिकटतो. पंचवीस वर्षे मी तो छिन्नीने, हातोडीने झाडत आलो. खपल्या दुकानामागच्या भिंतीपलीकडे टाकल्या. नाकाला कधी रुमाल बांधला नाही. आमच्याकडचा क्षार म्हणजे चुना, त्यात विशेष काही नाही. पण तेलविहिरींचे पाइप साफ करणारी माणसेही माझ्यासारखीच होती, हे वाचले तेव्हा मी काही वेळ पुस्तक मिटून बसलो.

तेल आणि वायू जिथे असतात तिथे कोट्यवधी वर्षे खडकात कोंडलेले खारट पाणीही असते. त्यात बेरियम आणि त्याच्याबरोबर रेडियम विरघळलेले असते. ते वर येताना सल्फेटशी गाठ पडली की बेरियम सल्फेटचा टणक थर पाइपात बसतो आणि रेडियमला आपल्यात ओढून घेतो. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात पाइप साफ करणाऱ्या एका यार्डात हा थर किरणोत्सारी असल्याचे लक्षात आले. जुन्या पाइपांतला क्षार तिथे वर्षानुवर्षे खरडून काढला जात होता आणि धूळ जमिनीवर पडत होती.

शेजारच्या लुइझियानात हार्वी या गावी एका कुटुंबाने आपली जमीन अशाच यार्डाला भाड्याने दिली होती. पाइप एक्सॉनमोबिल या बड्या तेल कंपनीचे. यार्ड गेल्यावर जमिनीत रेडियम उरल्याचे कळले. खटला झाला. २००१ मध्ये ज्युरीने कंपनीला एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम भरायला सांगितली. त्यात एक अब्ज डॉलर तर दंडात्मक भरपाईचे होते. अपिलात ती रक्कम पुष्कळ कमी झाली, पण जमीनमालकाची बाजू टिकली. मला या खटल्यात पैशापेक्षा एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. पाइप साफ झाले, परत वापरात गेले. पाइपातली घाण मात्र ज्याचा त्या तेलाशी काहीच संबंध नव्हता त्याच्या अंगणात राहिली.

खोल खडकातले पाणी

फ्रॅकिंगने हाच प्रकार मोठा केला. पाटीसारख्या थरांचा जो शेल नावाचा खडक असतो, त्यात वायू सहज वाहत नाही. म्हणून दीड-दोन किलोमीटर खाली जाऊन विहीर आडवी वळवतात आणि वाळू व रसायने मिसळलेले पाणी प्रचंड दाबाने आत घालून खडकाला चिरा पाडतात. एका विहिरीला दीड-दोन कोटी लिटर पाणी सहज लागते. त्यातले काही वायूबरोबर वर येते आणि पुढे वर्षानुवर्षे खडकातले जुने खारे पाणीही येत राहते.

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया, वेस्ट व्हर्जिनिया, ओहायो या भागात मार्सेलस नावाचा शेल खडक आहे. तो एका प्राचीन समुद्राच्या तळचा काळा चिखल. अशा चिखलात युरेनियम धरून राहते, आणि त्यापासून तयार होणारे रेडियम भोवतालच्या खारट पाण्यात उतरते. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात मार्सेलसच्या या पाण्यातील एकूण रेडियमचे मध्यक मूल्य लिटरला २,४६० पिकोक्युरी, म्हणजे सुमारे ९१ बेकरेल दिले आहे. तिथल्या पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला ५ पिकोक्युरी. हे पाणी त्या मर्यादेच्या जवळपास पाचशे पट.

ते साफ करायची रीत अवघड नाही. पाण्यात सल्फेट घालायचे. बेरियम सल्फेट तयार होऊन खाली बसते आणि रेडियमला बरोबर घेऊन जाते. पाइपात जे नको असताना घडते तेच टाकीत मुद्दाम घडवायचे. रेडियम नव्वद टक्क्यांहून अधिक निघून जाते.

आता उदाहरणापुरता हिशेब करून पाहू. दहा लाख लिटर पाणी घेतले, लिटरला ९१ बेकरेल. एकूण ९ कोटी १० लाख. त्यातले ९० टक्के रेडियम काढले आणि ते १० टन गाळात बसले, असे धरू. मग त्या गाळात किलोला सुमारे ८,२०० बेकरेल होतात. वर सांगितलेल्या १००० च्या रेषेच्या आठपट. पाणी जितके चांगले साफ कराल, तितका गाळ वाईट होईल. रेडियम जाळता येत नाही, कुजवता येत नाही, दुसऱ्या रसायनाने मारता येत नाही. त्याची फक्त जागा बदलते.

आणि जे दहा टक्के पाण्याबरोबर जाते त्याचेही काय होते, ते पेनसिल्व्हेनियातल्या ब्लॅकलिक नाल्यात दिसले. तिथे जोसेफिन नावाचे एक शुद्धीकरण केंद्र तेल-वायू विहिरींचे पाणी साफ करून नाल्यात सोडत असे. ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० ते २०१२ या काळात नमुने घेतले आणि २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. केंद्र आपले काम करत होते. रेडियमचा मोठा भाग ते पाण्यातून काढत होते. तरीही पाणी सोडण्याच्या जागी नाल्याच्या गाळात रेडियम किलोला ५४४ ते ८,७५९ बेकरेल निघाले. वरच्या अंगाला, केंद्राच्या आधी, तेच २२ ते ४४ होते. सुमारे दोनशे पट. रोज थोडे थोडे सोडले, आणि तळाने ते सगळे जपून ठेवले.

बंद पडलेला कारखाना

केंद्र चालू असते तोवर निदान कुणीतरी जबाबदार असतो. ते बंद पडल्यावर काय, याचे उदाहरण वेस्ट व्हर्जिनियात फेअरमाँट गावी आहे. मोनोंगहेला नदीच्या वर एका टेकडीवर तिथे फ्रॅकिंगचे पाणी आटवून त्यातून शुद्ध पाणी आणि मीठ वेगळे करणारा कारखाना होता. काही वर्षे चालला, मग धंदा तोट्यात गेला आणि दशक संपण्याआधी बंद झाला. मालकांनी टाक्या, पाइप, हौद आणि गाळ तिथेच सोडला. गेट उघडे, पहारा नाही. गावातली तरुण मुले तिथे जाऊन बसत, भिंतींवर रंगवत. २०२३ मध्ये तिथे आग लागल्यानंतर राज्याने केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्थेला बोलावले. मोजमाप झाल्यावर किरणोत्सार आढळला आणि सरकारी खर्चाने साफसफाई सुरू झाली.

ओहायो राज्यात मार्टिन्स फेरी गावचा प्रकार थोडा निराळा. तिथे जुन्या पोलाद कारखान्याच्या इमारतीत एक कंपनी तेल-वायू विहिरींचा घन कचरा घेत असे. परवाना ६०० टनांचा. आत साठला होता सुमारे १०,००० टन. गावाच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरी जवळच, ओहायो नदीही लागूनच. २०२४ मध्ये राज्याच्या महाधिवक्त्यांना कोर्टात जावे लागले.

अशी जागा साफ करतात म्हणजे काय करतात, हे मिस्त्री म्हणून मला जाणून घ्यायचे होते. आधी कुंपण आणि पहारा. मग जमिनीवर चौकटी आखून प्रत्येक चौकटीत यंत्राने मोजणी. काम ओले ठेवून करायचे, कारण धूळ उडाली की ती फुप्फुसात जाते. छिन्नी-हातोडीने कोरडा क्षार झाडणे म्हणजे नेमके जे करू नये ते. टाक्यांतला पातळ गाळ सिमेंटसारख्या पदार्थात मिसळून घट्ट करायचा आणि बंद डब्यांत भरायचा. पाइप कापून आतून तपासायचे. जे साफ निघते ते भंगारात, बाकी डब्यांत. कामगाराचे कपडे, बूट तिथेच राहतात आणि बाहेर पडताना त्याचीही मोजणी होते. शेवटी माती. किती साफ म्हणजे साफ, याचा एक आकडा अमेरिकेत युरेनियम गिरण्यांच्या कचऱ्यासाठी १९८३ मध्ये ठरला आहे: वरच्या १५ सेंटिमीटर मातीत नैसर्गिक पातळीपेक्षा ग्रॅमला ५ पिकोक्युरी, म्हणजे किलोला १८५ बेकरेलहून अधिक रेडियम नको. इतर जागांसाठीही हा आकडा पुष्कळदा वापरला जातो.

आणि डबे? ते परवाना असलेल्या दुसऱ्या जागी पुरले जातात. साफसफाई म्हणजे पुन्हा जागाबदलच. फरक इतकाच की आता त्या जागेची नोंद आहे, तळाला अस्तर आहे, वर राखण आहे. हा फरक लहान नाही. १६०० वर्षांच्या पदार्थाबाबत माणसाच्या हातात नोंद आणि राखण यांपलीकडे फारसे काही नाही.

नाव असलेला कचरा आणि नाव नसलेला

हे सगळे अमेरिकेसारख्या देशात कसे घडू दिले गेले? उत्तर कायद्यात आहे. १९८० मध्ये तिथल्या काँग्रेसने तेल-वायू उत्खननाचा कचरा धोकादायक कचऱ्याच्या केंद्रीय नियमांतून तात्पुरता वगळला. १९८८ मध्ये पर्यावरण संस्थेने ती सूट चालूच ठेवली. अणुऊर्जेचा कायदा अणुभट्टीशी संबंधित पदार्थांसाठी. जमिनीतून सहज वर आलेले रेडियम त्यात बसत नाही. २००५ च्या ऊर्जा कायद्याने फ्रॅकिंगला भूजल संरक्षणाच्या तरतुदींतूनही बहुतांशी मोकळे केले. एकच पदार्थ, पण अणुभट्टीतून आला तर त्याला नाव, क्रमांक आणि तिजोरी. तेलविहिरीतून आला तर तो केवळ ‘खारे पाणी’ आणि ‘गाळ’.

आपल्याकडे नाव असलेल्या कचऱ्याची व्यवस्था कशी असते, हे महाराष्ट्रातच पाहता येते. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून वीज देते. तिथे आणि तुर्भ्यात तीव्र किरणोत्सारी कचरा काचेत वितळवून, पोलादी डब्यांत बंद करून ठेवण्याची सोय उभारली गेली. १९८३ मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले, १९८७ मध्ये किरणोत्सारी कचऱ्याच्या सुरक्षित विल्हेवाटीचे नियम झाले. या व्यवस्थेवर टीका करणारे आहेत आणि ती व्हायलाही हवी. पण तिथे डब्याला मालक आहे, वहीत नोंद आहे, आणि प्रश्न कुणाला विचारायचा हे ठरलेले आहे.

नोंद हरवली की काय होते, तेही देशाने पाहिले आहे. दिल्ली विद्यापीठाने १९६८ मध्ये घेतलेले कोबाल्ट-६० चे एक यंत्र १९८५ पासून पडून होते. आत काय आहे हे सांगणारी माणसे निवृत्त झाली असावीत. फेब्रुवारी २०१० मध्ये ते भंगार म्हणून लिलावात गेले, मायापुरीच्या भंगार बाजारात फोडले गेले, आणि एका कामगाराचा जीव गेला, कित्येक आजारी पडले. पंचवीस वर्षे पुरली ती नोंद विसरायला. रेडियमला १६०० वर्षे हवीत.

वैनगंगेच्या काठावर

आमच्या जिल्ह्यात फ्रॅकिंग नाही. महाराष्ट्रात कुठेच त्याचे सांडपाणी नाही. मग भंडाऱ्याच्या माणसाने हे का वाचावे, असे कुणी विचारेल. माझे उत्तर आमच्या नदीत आहे.

नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला येते. १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात ते थांबते. पूर्वी वाहून जाणारी घाण आता तळाशी बसते. भंडारा शहर वैनगंगेचेच पाणी पिते. नाग नदीच्या शुद्धीकरणाच्या योजना झाल्या, त्या व्हायलाच हव्यात. पण त्या योजनांच्या भाषणांत शुद्ध होणाऱ्या पाण्याचे आकडे असतात. त्या पाण्यातून निघणारा गाळ रोज किती, त्यात कोणते धातू, आणि तो ठेवणार कुठे, हे मी एकाही भाषणात ऐकलेले नाही. गावोगावी आरओची केंद्रे झाली. पाच-सात रुपयांत थंड पाण्याचा कॅन मिळतो. जितके पाणी कॅनमध्ये जाते तितके, कधी जास्त, अधिक क्षारांचे पाणी मागच्या नालीत जाते. ज्या जमिनीतून क्षार काढला तिच्यातच तो घट्ट होऊन परत मुरतो. ही केंद्रे बसवण्यात माझाही हात आहे, त्यांच्या मोटरी मीच बसवतो.

राखेच्या बाबतीत निदान कायदा पुढे आला आहे. ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेने राखेचा शंभर टक्के वापर वीज केंद्रांवर बंधनकारक केला, न वापरलेल्या राखेला टनामागे १,००० रुपये दंड ठेवला, आणि जुन्या साठलेल्या राखेचाही हिशेब मागितला. ज्याची राख, त्याची जबाबदारी, हे तत्त्व निदान कागदावर आले. खसाळ्याचा बंधारा त्यानंतर साडेसहा महिन्यांनी फुटला.

इतके वाचून मी माझ्यापुरते तीन प्रश्न ठरवले आहेत. कुठलाही शुद्धीकरण प्रकल्प, राखेचा भराव किंवा सांडपाण्याचे केंद्र गावात येत असेल, तर ग्रामसभेत ते विचारावेत. पहिला: साफ केल्यावर उरणार काय आणि किती, त्याची मोजणी कोण करणार आणि ती ग्रामपंचायतीच्या फलकावर लागणार का? दुसरा: उरलेले कुठे ठेवणार? जागेचा सातबारा कुणाचा, आणि त्यावर या साठ्याची नोंद होणार का? तिसरा: कंपनी बंद पडली, तर साफसफाईचा पैसा कुठे आहे? तो सुरू करण्याआधीच बँकेत ठेवलेला आहे का? फेअरमाँट आणि मार्टिन्स फेरी या दोन्ही ठिकाणी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुरेसे नव्हते, आणि म्हणून सरकारला धावावे लागले.

या तीन प्रश्नांना विज्ञानाची पदवी लागत नाही. सातबारा, मोजणी आणि अनामत ही तर आपल्या रोजच्या व्यवहाराची भाषा आहे.

गेल्या उन्हाळ्यात त्या गावी परत जाणे झाले. बाबाजी जाळे विणत बसले होते. मी त्यांना सांगितले की माझे चुकले होते. राखेत रेडियम असते, पण घाबरण्याइतके नाही. मग त्यांना अमेरिकेतल्या त्या कारखान्याची गोष्ट सांगितली, पाणी कसे साफ करत आणि गाळ कसा उरला ते. त्यांनी हातातली सुई न थांबवता विचारले, “मंग थो गाळ कोनाचा?”

मी म्हटले, तोच तर प्रश्न आहे. दुकानामागच्या भिंतीपलीकडचा ढीग मी आता उचलायला घेतला आहे. चुनाच आहे, पण माझा आहे.